कपिलीचं विरजण

आमच्या गल्लीत काल कुणाकडे काय शिजलं, कोण रुसून उपाशी झोपलं आणि कुणाकडे न सांगता पाहुणे येऊन गेले, हे सगळं खरकटे तात्यांना सकाळी सात वाजता कळायचं. त्यासाठी त्यांना कुणाच्या घरात डोकवावं लागत नसे. दारात ठेवलेल्या खरकट्याच्या डब्यावर ते वाकायचे, एक लांब श्वास घ्यायचे आणि मान हलवायचे. डॉक्टर नाडी बघून जेवढं ओळखतो, त्याहून जास्त तात्या डब्यावरून ओळखत.

लग्न होऊन तीर्थपुरीला येऊन मला महिनाही झाला नव्हता, तेव्हा आमचं नवरा-बायकोचं पहिलं भांडण झालं. दोघंही जेवलो नाही. सकाळी सासूबाई उठायच्या आत मी चार भाकरी गुपचूप डब्यात टाकल्या आणि वर भाजीचे देठ पसरले. तात्यांनी देठ बाजूला सारले, भाकरी पाहिल्या आणि हळूच म्हणाले, "सूनबाई, राग माणसावर काढावा, भाकरीवर काढू न्हाई. भाकरी दुसऱ्या दिवशी शिळी व्हती, माणूस व्हत न्हाई." मी लाजेने अर्धी झाले. सासूबाईंना मात्र त्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही.

तोंडाला कुलूप ही त्यांची खासियत होती. आमच्या सासूबाई फार चौकस. त्या मुद्दाम ओसरीत येऊन विचारायच्या, "काय हो तात्या, समोरच्यांकडं काल मटण व्हतं म्हणे?" तात्या बादली उचलत म्हणायचे, "वहिनी, बादलीला तोंड असतंय, जीभ नसती." सासूबाई चरफडत आत जायच्या. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायच्याच.

खरकटे हे अर्थात त्यांचं आडनाव नव्हतं. गावाने दिलेली पदवी होती. शाळेत शिपाई म्हणून त्यांची हयात गेली, घंटा वाजवण्यात. निवृत्त झाल्यावर घंटा सुटली, पण वेळ सुटली नाही. सातच्या ठोक्याला ते बादलीच्या झाकणावर पळी आपटायचे, टण टण टण, आणि गल्लीतल्या बायका डबे घेऊन पळत बाहेर यायच्या. ज्यांची पोरं एकेकाळी त्यांच्या घंटेला धावली होती, त्या बायका आता स्वतः धावत होत्या. कुणी खरकटे म्हणून हाक मारली तर तात्या रागवायचे नाहीत. "खरकटं काय वाईट हाय? जेवलेल्याच्या घरीच खरकटं असतंय," म्हणायचे.

हे सगळं खरकटं जायचं त्यांच्या परसातल्या गोबरगॅसच्या टाकीत. एकेकाळी गावात अशा पुष्कळ टाक्या झाल्या होत्या. विटांची विहीर, तिच्यावर उलटं घातलेलं लोखंडी टोपण, एका बाजूने शेणाचा काला आत, दुसऱ्या बाजूने मळी बाहेर. गॅस साठला की टोपण आपोआप वर चढायचं आणि स्वयंपाकघरातल्या शेगडीला निळा जाळ लागायचा. पुढे लोकांची जनावरं कमी झाली, टाक्या उपाशी पडल्या. कुणी त्यात पाणी साठवलं, कुणी कोंबड्या कोंडल्या. तात्यांची टाकी तेवढी चालू राहिली, आणि त्याचं श्रेय ते स्वतःकडे कधीच घेत नसत. ते काकींचं.

काकी म्हणजे तात्यांची बायको. तिच्या माहेराहून आंदण म्हणून एक तांबूस गाय आली होती, कपिली. टाकी बांधून झाली तेव्हा पहिली घमेली पडली ती कपिलीच्या शेणाची. कपिली म्हातारी होऊन त्याच दारात गेली. तिच्या पोटची जनावरं दुष्काळात विकावी लागली. गोठा रिकामा झाला तेव्हा तात्या टाकी बुजवायला निघाले होते. काकीने कुदळ धरली आणि म्हणाली, "दही लावायला रोज गाय लागती का? विरजण लागतंय. गाय गेली, विरजण हाय की." त्या दिवसापासून ती रोज घरातलं उरलंसुरलं, भाजीचे देठ, भाताची पेज, पाण्यात कालवून टाकीत सोडू लागली. आठ-पंधरा दिवस टाकी रुसली, मग टोपण हललं. दोघांच्या घरातलं खरकटं ते किती निघणार? म्हणून तात्या बादली घेऊन गल्लीत उतरले. ही हकीकत तात्यांनी मला निदान पन्नास वेळा सांगितली असेल आणि प्रत्येक वेळी कुदळ धरल्याचा आविर्भाव करून दाखवला.

तेव्हापासून टाकी एकदाही रिकामी केली नव्हती. म्हणजे इतक्या वर्षांनीही आत जे बुडबुडत होतं, ते कपिलीपासून चालत आलेलं. तात्यांना ते विज्ञानाच्या भाषेत कळत होतं की नाही, देव जाणे. पण चमचाभर दह्यातून रोज नवं दही होतं आणि तरी ते आईच्याच घरचं विरजण राहतं, हे आमच्याकडे कुठल्याही बाईला शिकवावं लागत नाही.

टाकीला ते 'ती' म्हणायचे, आणि तिच्या पथ्याचे नियम कडक होते. रोज दोन बादल्या, जास्त बिलकुल नाही. गरम काही नाही. हाडं नाहीत, अंड्याची टरफलं नाहीत. आणि लिंबाची सालं तर मुळीच नाहीत. "तिला आंबट सोसत न्हाई, पोट बिघडतंय," म्हणायचे. डब्यात चुकून साल सापडली तर तात्या ती उचलून पुसायचे आणि उंबऱ्यावर नीट मांडून ठेवायचे. "हे तुमचं तुमच्याकडं." मोसंबीच्या दिवसांत गल्लीतल्या उंबऱ्यांवर सालींची रांगोळी पडायची.

गल्लीला त्याचा मोबदला मिळायचा तो मळीत. काळीभोर, वास नसलेली, वाळली की चहापत्तीसारखी मोकळी. खरकटं देणाऱ्या प्रत्येक घराला महिन्याला एक पाटी खत. आमचा परसातला शेवगा त्याच खतावर असा माजला की शेंगा काढता काढता हात भरून येत. सासूबाई खत घ्यायला सगळ्यांत पुढे असायच्या. पण तात्यांच्या घरचा चहा मात्र पीत नसत. "साऱ्या गावाच्या उष्ट्याचा जाळ तो. त्याच्यावरचं मी तोंडात घालणार न्हाई." काकी दर श्रावणात त्याच शेगडीवर पुरणाचा नैवेद्य करायची आणि आमच्याकडे ताट पाठवायची. सासूबाई ते गाईला घालायच्या. तात्यांना हे माहीत होतं. ते एवढंच म्हणायचे, "अग्नीला उष्टं नसतंय वहिनी. पण असू द्या. गाईच्या पोटात गेलं म्हणजे आमच्याच घरी आलं."

काकी गेली ती दोन दिवसांच्या तापाने. दारात माणसं जमली, बायका रडत होत्या, आणि सात वाजता तात्या उठून परसात गेले. आदल्या दिवशीचं खरकटं त्यांनी कालवलं आणि टाकीत सोडलं. सुतकात असलं काही करतात का, म्हणून कुजबुज झाली. एका भावकीतल्या म्हाताऱ्याने तर तोंडावर सुनावलं. तात्या हात धुवत म्हणाले, "ती गेली म्हणून हिला बी उपाशी मारू का?" पुढे काकीचं नाव त्यांच्या तोंडी क्वचितच आलं. टाकीचं मात्र रोज असायचं. आज ती खुशीत आहे, आज तिचं अंग जड आहे, आज टोपण दोन बोटं कमी चढलंय. ऐकणाऱ्याला कळायचं की हा माणूस कुणाबद्दल बोलतोय.

मग त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. डबे आता ते नुसत्या वासावर ओळखत होते, पण लिंबाची सालं दिसेनात. जालन्याला दिलेल्या त्यांच्या मुलीने हट्टाने त्यांना ऑपरेशनला तिकडे नेलं. आठ-दहा दिवस तिच्याकडेच राहायचं होतं. जायच्या आदल्या दिवशी ते आमच्याकडे आले. पळी आणि बादली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सूनबाई, गल्लीत तू एकटीच अशी हायेस की जिच्या डब्यात साल सापडत न्हाई. दोन बादल्या. एखाद्या दिवशी कमी पडलं तर चालतंय. उपाशी राहून ती मरत न्हाई."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण ध्यानात घेतलं नाही. ती माझी चूक.

चार दिवस मी पळी वाजवली. मला भारी ऐट वाटायची. पाचव्या दिवशी आमच्या नणंदेचं लग्न होतं. आता आमच्याकडचं लग्न म्हणजे अख्ख्या गावाला जेवण. पत्रिका मिळो न मिळो, माणूस पंगतीला येणारच. त्या हिशोबाने वरण-बट्टी, वांग्याची भाजी, बुंदी असं रांधलं होतं. पण एकाच तिथीला गावात तीन लग्नं निघाली आणि माणसं वाटली गेली. पंगती उठल्या तेव्हा कढया अर्ध्याही रित्या झालेल्या नव्हत्या. वस्तीवर पाठवलं, नातेवाइकांना डबे भरून दिले, तरी उरलंच. आचारी म्हणाला, नाल्यात ओतून टाकतो, मला भांडी न्यायचीत.

बट्ट्यांवर तूप चमकत होतं. नाल्यात कसं ओतायचं? मी पदर खोचला आणि म्हणाले, "तात्यांच्या टाकीत घालू."

आणि सगळ्या बायका लागल्या की कामाला! शालू, पैठण्या, गजरे, तशाच अवतारात आमची रांग लागली, मांडवापासून तात्यांच्या परसापर्यंत. बादलीमागून बादली. वरण, बट्ट्या कुस्करून, बुंदी, वर दोन हंडे मठ्ठा. नवरीने सुद्धा हौसेने एक तांब्या ओतला. सगळ्यांत नवल सासूबाईंचं. उष्ट्याच्या जाळाला नाक मुरडणाऱ्या सासूबाई स्वतः बादली धरून आल्या, बुंदी ओतली आणि लोखंडी टोपणाला हळदी-कुंकू लावलं. "बिचारीला लग्नाचा घास मिळू दे," म्हणाल्या. त्या क्षणी मला वाटलं, तात्या इथे हवे होते. इतक्या वर्षांत जे त्यांना जमलं नाही ते माझ्या पुढाकाराने झालं होतं. किती बादल्या गेल्या, कुणी मोजल्या नाहीत. अन्नदान कुणी मोजून करतं का?

दुसऱ्या दिवशी टोपण एवढं वर चढलं की पोरं बघायला आली. सासूबाई म्हणाल्या, "बघा, प्रसन्न झाली." मी काडी ओढून तात्यांच्या शेगडीला लावली. जाळ लागला, फडफडला आणि विझला. पुन्हा लावली, पुन्हा विझला. तिसऱ्या दिवशी मळीच्या तोंडाशी फेस आला आणि गल्लीभर आंबूस वास सुटला. चौथ्या दिवशी काडी नुसतीच जळून माझ्या बोटाशी आली.

तात्या परतले ते डोळ्याला काळा चष्मा लावून. जीप चौकात थांबली, ते उतरले, आणि गल्लीच्या तोंडाशीच उभे राहिले. त्यांनी तो लांब श्वास घेतला. मी ओसरीतून बघत होते. त्यांना सांगायची तयारी मी दोन दिवस करत होते, आणि सांगायला काही उरलंच नाही. ते परसात गेले, टोपणाला हात लावला, हाताला हळदी-कुंकू लागलं ते बघितलं. मी मागे जाऊन उभी राहिले. म्हणाले, "किती बादल्या?"

"मोजल्या न्हाईत, तात्या."

त्यांनी टोपणावर पुन्हा हात ठेवला. मला वाटत होतं, त्यांनी मला शिव्या द्याव्यात, एक थोबाडीत मारावी. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू तिला उपाशी न्हाई ठिवलं. जेऊ घातलं. जेऊ घालणाऱ्या बाईवर कुणी रागवावं तरी कसं?"

त्यांनी रागवायला हवं होतं. आजही मला तसंच वाटतं.

मग उपचार सुरू झाले. आठ दिवस लंघन. चुन्याची निवळी. राखेचं पाणी. कुणीसं म्हणालं, ताक घाला. तात्या त्याच्यावर प्रथमच ओरडले. मी रोज सकाळी जायचे, ते टोपणाजवळ पाट टाकून बसलेले असायचे, कान लोखंडाला लावून. "काही ऐकू येतंय का?" मी विचारायचे. "बुडबुडा ऐकून राह्यलो," म्हणायचे. कधी म्हणायचे, एक आला. मीही कान लावायचे. मला नुसतं गार लोखंड लागायचं.

गोबरगॅसची कामं करणारा एक गवंडी बघून गेला. त्याने दोन मिनिटांत निकाल दिला. "रिकामी करा, दोन गाड्या ताजं शेण टाका. महिन्यात चालू व्हती. त्यात काय एवढं?" तात्या म्हणाले, "चालू व्हईल रे बाबा. पण ती ही नसंल." गवंड्याला काही कळलं नाही. मला कळलं, आणि ते कळणं माझ्या काही कामाचं नव्हतं.

मग एक दिवस त्यांनी दुधाची मोठी किटली घासून लख्ख केली. आमच्याकडे घरचं विरजण बिघडलं की बाई काय करते? ज्या घरी आपण विरजण दिलं होतं, तिथून मागून आणते. तात्यांनीही टाकीतली मळी पूर्वी दोन ठिकाणी दिली होती, नवी टाकी लावायला. एक घनसावंगीला काकीच्या मावसभावाला, दुसरी अंबडला, शाळेतल्या एका जुन्या सोबत्याला. कपिलीचं विरजण तिथे असणार होतं. मी म्हणाले, मी येते. ते नाही म्हणाले नाहीत.

घनसावंगीला मावसभावाने मोठं स्वागत केलं. तात्यांची नजर चष्म्याआडून परसाकडे. टाकीच्या जागी कडब्याची गंज होती. भाऊ सहज सांगत होता, "ती तवाच बंद केली, दाजी. कोण घाण कालवत बसतंय? सिलिंडर येऊन राह्यलं बराबर." तात्यांनी चहा प्यायला. कशासाठी आलो ते सांगितलंच नाही.

तिथून एसटीने अंबड. सोबत्याचं घर दुमजली झालं होतं. परस गुळगुळीत फरशीचं, त्यावर मोटारसायकल उभी. "इथं व्हती ना रे टाकी?" तात्यांनी पायाने जागा दाखवली. सोबती हसला. "हां, ह्याच्याच खाली. भरून घेतली. तू कसा काय आल्तास?"

"काही न्हाई. डोळा केला न्हवं का. म्हटलं, दिसतंय तंवर माणसं बघून घ्यावीत."

परतीच्या एसटीत किटली त्यांच्या मांडीवर होती. शेजारच्या माणसाने सरकायला सांगितलं, "बाबा, दूध सांडंल, खाली ठिवा." तात्या म्हणाले, "रिकामी हाय," आणि तरी ती दोन्ही हातांनी धरून राहिले. शहागड फाटा मागे पडला, ऊस लागला. मला खूप काही बोलायचं होतं. बोलून काय होणार होतं? माफीने विरजण लागत नाही.

टाकी शेवटी उपसली. तो आंबट काला आमच्या शेवग्याच्या आळ्याजवळ खड्डा करून त्यात पालापाचोळ्याबरोबर घातला. त्याचंही पुढे खत झालं, चांगलं झालं. तात्यांनी ते मला दिलं. स्वतःला एक मूठ ठेवलं नाही. ताजं शेण त्यांनी टाकलं नाही, मी दोनदा गाडी ठरवली तरी. सात वाजता झाकण वाजेना. गल्लीने आठ दिवस वाट पाहिली आणि मग डबे पूर्वीसारखे नाल्यात रिकामे होऊ लागले. सासूबाई काही दिवस सात वाजता ओसरीत येऊन उभ्या राहत. एकदा त्या मला म्हणाल्या, "मी कुंकू लावायला नको व्हतं का गं?"

एकदा सकाळी मी आमचा डबा उचलून तात्यांच्या दारात नेला. मुद्दाम भाकरी टाकल्या होत्या, अख्ख्या चार. ते वाकले नाहीत, वास घेतला नाही. "आता कशाला दुसऱ्याच्या घरात डोकवावं, सूनबाई," म्हणाले. डोळे चांगले झाले होते, लांबचं स्पष्ट दिसत होतं. पण त्यांना बघायचं काही उरलं नव्हतं. पुढे मुलगी त्यांना घेऊन गेली, आणि तिकडेच ते गेले. निरोप आला तेव्हा माती होऊन गेली होती.

आता आम्ही मुलांच्या शिक्षणासाठी शहरात राहतो, तिसऱ्या मजल्यावर. सकाळी घंटागाडी येते, सातच्या सुमारास. मी ओला डबा घेऊन खाली उतरते आणि जिन्यातच एकदा वाकून बघते. लिंबाची सालं मी आधीच वेगळी काढलेली असतात. गाडीवरच्या बाईने एकदा विचारलं, "ताई, ही कशाला बाजूला ठिवता? ओल्या कचऱ्यात चालतात की." मला माहीत आहे, चालतात. पण हात धजत नाही.

ती सालं मी गॅलरीत वर्तमानपत्रावर मांडून ठेवते. वाळून खडखडीत होतात, पिशवी भरते, दुसरी पिशवी लागते. त्यांचं पुढे काय करायचं, हे तात्यांनी मला कधी सांगितलं नाही.